मधले दोन झोके

खानदेशात एका अख्ख्या पिढीची जन्मतारीख एक जून आहे. आईबापांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी दाखल्यावर एक जून लिहून मोकळे व्हायचे. हिलाल सरांचंही तसंच झालं. त्यांची आई सांगायची, तुरीच्या शेंगा भरत आल्या होत्या तेव्हाचा तू. म्हणजे थंडीचे दिवस असणार. पण कागदावर एक जून होतं, म्हणून धुळ्याच्या कॉलेजातून ते एकतीस मे रोजी निवृत्त होणार होते. गुरुजींनी त्यांच्या नोकरीचे सहा महिने पहिलीतच खाऊन टाकले होते.

तेहतीस वर्षं त्यांनी पदार्थविज्ञान शिकवलं. दरवर्षी फेब्रुवारीत, प्रात्यक्षिकांच्या शेवटच्या आठवड्यात, ते एक प्रयोग अभ्यासक्रमाबाहेरचा करत. प्रयोगशाळेतला नवल, म्हणजे तिथला परिचर, खिडक्यांना काळे पडदे लावायचा आणि टेबलावर स्वतःच्या घरची विजेची शेगडी आणून ठेवायचा. एका टोकाला लहानसा लेसर, दुसऱ्या टोकाला भिंत. भिंतीवर लाल ठिपका स्थिर बसायचा, टिकलीसारखा. मग नवल शेगडी चालू करायचा. तार तापली की वरची हवा हलायची आणि तो ठिपका थरथरायला लागायचा.

"सर, ठिपका पिऊन आलाय," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणायचंच.

"तो शुद्धीत आहे. हवा पिऊन आलीय," सर म्हणायचे. पोरं हसायची. मग ते सांगायचे की हवा सगळीकडे सारखी दाट नसते, तापली की विरळ होते, आणि दाट-विरळ अशा हवेतून जाताना उजेडाची वाट वाकते. एप्रिलमध्ये पारोळ्याच्या रस्त्यावर डांबरावर पाणी दिसतं ना, तेही हेच.

एवढं बोलून ते थांबत. नवलला ठाऊक होतं की सरांना पुढे काहीतरी सांगायचं असतं आणि ते सांगत नाहीत. दरवर्षी त्याच जागी थांबून ते शेगडीकडे बघत राहायचे. मग नवल आपणहून बटण बंद करायचा.

पुढचं एकदाच सांगितलं होतं, बारा-तेरा वर्षांपूर्वी. यावलची वृषाली तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. वडील केळीच्या गाड्या भरायचे, आई द्रौपदाबाई केळीच्या बागांत मजुरीला जायची. मुलगी धुळ्याला वसतिगृहात राहून शिकत होती. प्रयोग संपल्यावर सगळे गेले, ती थांबली. म्हणाली, "सर, ठिपका हलतो ते कळलं. पण उजेड असा गेलेला मागे येतो का कधी? आरशाशिवाय?"

सरांनी दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी तिला बोलावून घेतलं आणि तीन तास बोलत राहिले.

त्यांनी तिला सांगितलं ते असं. वायू इतका तापवला की त्याच्या अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होतात, त्या अवस्थेला प्लाझ्मा म्हणतात. त्यात जोरकस लेसर सोडला तर बहुतेक उजेड पुढे जातो. पण थोडा उजेड प्लाझ्मातल्या इलेक्ट्रॉनांना हलवतो, त्यांची लाट उठते, आणि ती लाट उजेडाला मागे फेकते. मागे येणारा उजेड आणि पुढे जाणारा उजेड मिळून ती लाट आणखी उंच करतात. उंच लाट आणखी उजेड मागे फेकते. असं एकातून एक वाढत जातं. परत येणाऱ्या उजेडाची थोडी ताकद त्या लाटेत राहून गेलेली असते, म्हणून त्याचा रंग बदललेला असतो. हिरवा गेलेला तांबडा होऊन येतो.

"पण या तिघांचा ताल जुळला पाहिजे," सर म्हणाले. "आणि प्लाझ्मा सगळीकडे सारखा दाट नसतो. चार पावलं पुढे गेलं की दाटी बदलते, लाटेची चाल बदलते, ताल तुटतो. म्हणून उतारावर हे फार वाढत नाही. वाढता वाढता निसटतं."

"मग कुठे वाढतं?" वृषालीने विचारलं होतं.

त्या प्रश्नाचं उत्तर सरांकडे होतं. ते लोखंडी कपाटात, पुरवण्यांच्या एका गठ्ठ्यात होतं.

त्या गठ्ठ्याची गोष्ट मागची आहे. एमएस्सी झाल्यावर हिलाल अहमदाबादजवळच्या एका संशोधन संस्थेत दोन वर्षं राहिला होता. तिथल्या मार्गदर्शकांनी त्याला हाच विषय दिला, आणि पहिल्याच दिवशी स्वतःच्या हाताने तीस जुन्या संशोधन-पेपरांची यादी लिहून दिली. म्हणाले, आधी हे सगळं वाच, मग स्वतःचं डोकं चालव. तो एकेक पेपर ग्रंथालयातून काढायचा, वाचायचा आणि यादीत बरोबरची खूण करायचा. एकोणीस खुणा झाल्या आणि गावाहून तार आली. वडिलांना, झुलाल आबांना, अर्धांगवायूचा झटका आला होता. एकुलता मुलगा. तो आला तो आलाच. पुढच्या वर्षी धुळ्यात नोकरी लागली. यादी पेटीत राहिली. धुळ्यात त्यातला एकही पेपर मिळत नव्हता. मार्गदर्शकांची दोन पत्रं आली. तिसरं त्यांच्या मुलाचं आलं, वडील गेले म्हणून.

आणि मग सव्वीस वर्षांपूर्वीची ती आखाजी.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातल्या लेकी माहेरी येतात. हिलालची मोठी बहीण प्रमिलाबाई, तिला सगळे अक्का म्हणतात, सासर मुक्ताईनगरला असूनही एकही आखाजी चुकवत नसे. ती अजून त्या गावाला एदलाबादच म्हणते आणि बोलते धरणगावकडची अहिराणी, माहेरचीच. धरणगावजवळच्या त्यांच्या गावी मारुतीच्या पाराशेजारी मोठा कडुनिंब आहे. त्याची एक फांदी धनुष्यासारखी वाकलेली, मधे उंच आणि दोन्हीकडे उतरती. त्या फांदीला दरवर्षी सहा झोके बांधतात. बसायच्या फळ्या सगळ्यांच्या जमिनीपासून सारख्याच उंचीवर, म्हणून मधल्या झोक्यांचे दोर सगळ्यात लांब, कडेचे आखूड.

हिलाल सर तेव्हा चौतिशीत होते. परीक्षेचे पेपर तपासायला गावी घेऊन आले होते. आबांची बाज सावलीत ओढून तिथेच पाराला टेकून बसले होते. सहा झोक्यांवर सहाजणी, आणि गाणं सगळ्यांचं एकच. गाण्याच्या ठेक्यावर पाय मारायचा आणि झोका चढवायचा. कडेच्या झोक्यावरच्या मुली चिडत होत्या; त्यांचा झोका गाण्याच्या आधीच परत येत होता, पाय अवेळी पडत होता, चढलेला झोका पुन्हा खाली येत होता. मधल्या दोन झोक्यांचे दोर जवळजवळ सारखे आणि गाण्याला बरोबर जुळणारे. त्या दोघी, अक्का आणि तिची मैत्रीण, चढतच गेल्या. इतक्या, की बायका ओरडायला लागल्या, बस झालं गं, पडशाल!

सरांच्या हातातला लाल पेन थांबला. दोर म्हणजे दाटी. गाणं म्हणजे लेसर. नुसत्या उतारावर शेजारचा दोर लगेच वेगळा, ताल तुटणार. पण दाटी चढत जाऊन जिथे वळते, त्या कमानीच्या माथ्यावर थोडी जागा सपाट असते. तिथे लाट निसटत नाही. तिथे ती जागच्या जागी वाढत राहते.

जवळ दुसरा कागद नव्हता. पेपरांच्या गठ्ठ्यात कोऱ्या पुरवण्या होत्या. मूळ उत्तरपत्रिका संपली की विद्यार्थी जोडतात त्या, कोपऱ्यात भोक असलेल्या आणि कॉलेजचा शिक्का मारलेल्या. त्यांनी एक ओढली आणि पहिलं समीकरण मांडलं.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात, परीक्षा झाल्या की उरलेल्या पुरवण्या त्यांच्याकडे यायच्या. नवलच आणून द्यायचा. त्यावर गणित पुढे सरकायचं. कधी वर्षाला दहा पानं, कधी एक. आबा गेले, पोरं मोठी झाली, धाकट्याचं लग्न झालं. गणित पूर्ण झालं तेव्हा एकशेतीन पुरवण्या झाल्या होत्या. सरांनी त्या परीक्षेच्याच पांढऱ्या दोऱ्याने बांधल्या. सगळ्यात खाली ती अहमदाबादची यादी. दर मे महिन्यात मंदाबाई, म्हणजे सरांच्या पत्नी, गठ्ठा कॉलेजातून घरी मागवून गच्चीवर ऊन देत. कसर लागू नये म्हणून.

"पापडांना देते त्याच्या दुप्पट ऊन तुमच्या कागदांना दिलंय मी," त्या म्हणायच्या. "पापड निदान तळून खाता येतात."

"हेही तळायला काढू एक दिवस."

"काढा बाई. तेल मी देते."

काढलं मात्र कधीच नाही. कॉलेजात इंटरनेट आलं, तेव्हा एका दुपारी सरांनी विषयाचे चार शब्द टाइप केले होते. यादी उघडायला लागली आणि त्यांनी संगणकच बंद केला. कुणी आधीच केलेलं असलं तर? ही एकच तर गोष्ट होती जी त्यांना कुणी शिकवली नव्हती आणि जी त्यांनी कुणाला शिकवली नव्हती. वर्गात ते जे बोलत ते सगळं पुस्तकातलं. हे एवढं त्यांचं. बरोबर आहे का, हे जाणून घ्यायची ओढ इतकी होती की कधी कधी रस्त्याने चालताना त्यांचे ओठ हलत. आणि विचारायचं कुणाला, तर धुळ्यात असं माणूस नव्हतं. वृषाली पुढे याच विषयात शिकली, जर्मनीतल्या एका लेसर प्रयोगशाळेत लागली. तिला ते फोनवर हवापाणी विचारत. गठ्ठ्याचं नाव काढत नसत.

पण एकतीस मे जवळ आली. कपाट रिकामं करून द्यायचं होतं. आणि वृषाली यंदा भीमजयंतीला यावलला आली ती महिनाभराची रजा काढून. जयंतीनंतर दोन दिवसांनी ती भेटायला घरी आली. मंदाबाईंनी चहा ठेवला. सरांनी गठ्ठा तिच्यासमोर ठेवला.

वृषालीने पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, मग चहा बाजूला सरकवला.

"सर, हे तुम्ही मला तेव्हा का नाही दाखवलंत?"

"तेव्हा तू तपासू शकली नसतीस."

"आणि नंतर?"

"नंतर तपासू शकली असतीस," सर म्हणाले.

ती हसली नाही. गठ्ठा पिशवीत घालताना म्हणाली, "यावलला नेते. सगळं पहिल्यापासून करून बघते. वेळ लागेल."

"आखाजीपर्यंत?"

"आखाजीपर्यंत."

चौदा दिवस होते. सरांनी परीक्षेच्या वर्गावर देखरेख केली, निवृत्तीचे फॉर्म भरले, नवलबरोबर कपाटातली जुनी भिंगं पुसली. फोन खिशात ठेवायची सवय नव्हती, आता ठेवायला लागले. पाचव्या दिवशी वर्गावर असतानाच तो वाजला. वृषालीचा मेसेज होता. "सर, पान ६१, दोनचा गुणक राहिलाय का?"

त्यांच्याकडे प्रत नव्हती. ते फळ्याकडे तोंड करून उभे राहिले, डोळे मिटले, आणि एकसष्टावं पान आठवलं. ओळीने आठवलं. दोन राहिला होता. वीस वर्षं तो तिथे नव्हता आणि त्यांना दिसलं नव्हतं. त्यांनी लिहिलं, "हो. चूक आहे. पुढे कटतो का बघ." मागे एक मुलगा पुरवणी मागत उभा होता. तिसऱ्यांदा हाक मारल्यावर सरांनी वळून पाहिलं.

पुढचे चार दिवस तिचं उत्तर आलं नाही. मंदाबाई एकदा म्हणाल्या, "फोन करा ना तिला."

"नको."

"मग निदान जेवा."

नवव्या दिवशी दोन शब्द आले. "कटतो, सर." सरांनी ते दोन शब्द मंदाबाईंना वाचून दाखवले. "काय कटतो?" त्यांनी विचारलं, आणि सरांनी तेहतीस वर्षांत पहिल्यांदा स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ उभं राहून गुणक म्हणजे काय ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पोळी उलटली, म्हणाल्या, "म्हणजे तेल तापवायला ठेवू का?"

आखाजीला सर आणि मंदाबाई गावी गेले. अक्का आदल्या दिवशीच आली होती. सरांचा चुलत पुतण्या मुराळी म्हणून जाऊन तिला घेऊन आला होता. घागरी पुजून झाल्या, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आंब्याचा रस झाला. ऊन असं होतं की पाराचा चौथरा हाताला चटके देत होता. पण कडुनिंबाखाली सावली होती आणि सहाही झोके चालू होते. सर पाराला टेकून बसले. वृषाली जळगावला बस बदलून दुपारी पोचली. डोक्यावरून ओढणी, हातात पिशवी.

तिने गठ्ठा त्यांच्या मांडीवर ठेवला. दोरा सरांनी बांधला होता तसाच, तीच गाठ. समोर बसली. पाण्याचा तांब्या अर्धा संपवला.

"बरोबर आहे, सर," ती म्हणाली.

सर पाराचा टेका सोडून पुढे सरकले.

"सगळं. मी तीनदा केलं. संगणकावरही चालवून पाहिलं. उतारावर निसटतं आणि माथ्यावर वाढतं, तुम्ही म्हणता तसंच. माथा किती रुंद हवा, तेही तुम्ही काढलंय तेवढंच निघतं."

सरांनी गठ्ठ्यावर तळहात ठेवला. समोर एक मुलगी झोक्यावरून उतरत होती, दुसरी चढत होती. मग त्यांच्या लक्षात आलं की वृषालीने पिशवीचं तोंड बंद केलेलं नाही.

"अजून काय आहे?"

तिने झेरॉक्सची दहा-बारा पानं काढली. "सर, तुमच्याच गठ्ठ्यात, खाली, एक यादी होती. एकोणीस खुणा केलेली. तुम्ही न वाचलेले अकरा पेपर मी मागवले. हा तेविसावा."

सरांनी चष्मा लावला. नाव ओळखीचं होतं. यादीत ते मार्गदर्शकांच्या तिरप्या अक्षरात शेकडो वेळा वाचलं होतं. पहिल्या पानावरचं वर्ष पाहिलं. त्या वर्षी हिलाल तिसरीत होता. याच गावच्या शाळेत, गोणपाटावर बसून पाढे म्हणत होता. पान उलटलं. तिसऱ्या पानावर दाटीची आकृती होती, मधे उंच, दोन्हीकडे उतरती. कडुनिंबाची फांदी. चौथ्या पानावर त्यांचं पहिलं समीकरण होतं. आठव्यावर शेवटचं.

पन्नासहून अधिक वर्षं ते छापलेलं होतं. आणखी चार खुणा झाल्या असत्या, तर त्यांनी ते अहमदाबादेतच वाचलं असतं. फार तर एक महिना लागला असता.

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. मंदाबाई घराच्या ओट्यावरून इकडे बघत होत्या, पण आल्या नाहीत. आली ती अक्का.

"हिलाल, काय वाची ऱ्हायना रे इतलं? कोर्टानी नोटीस उनी का?"

सरांनी मान वर केली नाही. वृषालीच म्हणाली, "अक्का, सरांनी सव्वीस वर्षं जे गणित केलं ना, ते आधीच कुणीतरी केलेलं निघालं. परदेशात. खूप वर्षांपूर्वी."

"म्हंजे दुसरानी बी हेच लिखेल शे?"

"हो. हेच."

"मंग चांगलंच शे ना!" अक्का पारावर टेकली. "एकटा मानूस सांगस तं लोके येडा म्हंतस. दोन जन सांगतस तं ऐकतस."

सर हसले. हसू आपल्याला आलं कुठून, हे त्यांनाच कळलं नाही. पेपर वाचताना मघापासून जे होत होतं त्याला ते दुःख म्हणायला तयार होते. पण ते नुसतं दुःख नव्हतं. पाचव्या पानावर तो माणूस अडला होता. सर बरोबर तिथेच अडले होते, दोन उन्हाळे. त्याने वाट काढली होती तीही तीच, आधी माथा सपाट धरायचा आणि मग हळूच वाकवायचा. अशा वाटेने आपल्याआधी कुणी चाललं असेल असं सरांना कधी वाटलं नव्हतं. धुळ्यात, देवपुरातल्या दोन खोल्यांत, पंख्याखाली पुरवण्या उडू नयेत म्हणून भिंगं ठेवून ते बसायचे, तेव्हा हा माणूस सगळा वेळ शेजारी होता. नुसता हात लांब करायचा होता.

"हे आहेत का अजून?" त्यांनी विचारलं.

"कोण, सर?"

"हे. ज्यांनी लिहिलं."

"माहीत नाही. शोधते मी."

"शोध," सर म्हणाले. मग पेपर मिटत म्हणाले, "पाचव्या पानावर त्यांना किती दिवस लागले, एवढंच विचारायचं होतं."

वृषालीने फोन काढला. "एक दाखवायचं राहिलं. मी मुद्दाम शेवटी ठेवलं. त्यांनी काढलं, तुम्ही काढलं, पण ते दिसायला पाहिजे ना? मागच्या ऑक्टोबरमध्ये आम्ही दाटीची अशी कमान मुद्दाम तयार केली. लेसर हिरवा होता. परत आलेला उजेड हा."

पडद्यावर काळं चित्र होतं. डावीकडून उजवीकडे वेळ, खालून वर जागा. कडांना फिकट रेघा उठून विझलेल्या. आणि मधोमध एक तांबडा पट्टा, उठलेला आणि न विझता उजळत गेलेला.

"इथे, मधे, निसटला नाही," ती म्हणाली.

सर बघत राहिले. थोड्या वेळाने पडदा आपोआप मंद झाला. वृषालीने बोट लावून तो उजळवला. पुन्हा मंद झाला. तिने पुन्हा बोट लावलं. अक्काने दोघांकडे पाहिलं, मग तीही वाकून बघायला लागली. "कुंकूनं बोट वढेल शे जसं," ती म्हणाली.

मग सरांनी गठ्ठ्याची गाठ सोडली. वृषालीला वाटलं, ते स्वतःची पानं पुन्हा बघणार. त्यांनी झेरॉक्सची पानं नीट सारखी केली आणि अक्कापुढे हात केला. "अक्का, अंबाड्यातला एक आकडा दे." आकड्याने त्यांनी झेरॉक्सच्या कोपऱ्याला भोक पाडलं. वृषालीला वाटलं, ते पेपर गठ्ठ्याच्या शेवटी लावणार. त्यांनी तो सगळ्यात वर ठेवला. उत्तरपत्रिका वर आणि पुरवण्या खाली, तसंच लावतात. तेहतीस वर्षं त्यांनी मुलांना हेच सांगितलं होतं. दोरा ओवला, गाठ मारली. खिशातला पेन काढून पहिल्या पानाच्या कोपऱ्यात लिहिलं, पुरवण्या १०३.

"सर..." वृषाली म्हणाली.

"बरोबर आहे ना?"

"हो."

"मग झालं."

झोक्यांवर गाणं नव्याने सुरू झालं होतं. अक्काने वृषालीचा हात धरला. "चाल पोरी, बठ झोकावर. तुना जर्मनीमा झोका भेटस का?" वृषाली नको नको म्हणत गेली. मधल्या झोक्यांपैकी एक रिकामा होता. दुसऱ्यावर, गुडघे दुखत असूनही, अक्का चढून बसली. सुरुवातीला दोघींचे पाय चुकले. मग गाणं सापडलं.

पाचच्या बसला सर तिला सोडायला फाट्यावर गेले. सहाच्या आत जळगाव गाठलं तर यावलची गाडी मिळणार होती. बस दिसली तेव्हा ते म्हणाले, "तो फोटो मला पाठवशील?"

"आत्ता पाठवते." ती खिडकीशी बसून फोनवर काही करत होती. बस निघाली, वळणाशी गेली, धुळीत दिसेनाशी झाली.

सरांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी काढला, पण रस्त्यावर उन्हाची तिरीप एवढी होती की पडद्यावर स्वतःचा चष्माच दिसत होता. आसपास झाड नव्हतं. त्यांनी काखेतला गठ्ठा काढला, डोक्यावर धरला, आणि त्याच्या सावलीत फोन अगदी डोळ्यांजवळ आणला. हळूहळू काळं काळं दिसायला लागलं. मग मधला तांबडा पट्टा. पडदा मंद झाला की ते बोट लावत होते.